पिवळी पट्टी

३ मार्च

भाऊजी, नमस्कार.

रविवारी सकाळी रेड्याचे पुढचे डावे चाक निघाले आणि एकटेच रस्त्याने पुढे गेले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. तुमच्या दादांना काही लागलेले नाही. हे आधी सांगते, नाहीतर पुढचे तुम्ही धड वाचणार नाही.

हे पेट्रोल भरून परत येत होते. गल्लीच्या वळणावर वेग कमी होता म्हणून निभावले. चाक समोरच्या शिंपीणबाईंच्या फाटकावर आदळले, फाटकाचा एक गज वाकला, आणि रेडा तीन चाकांवर नाक घासत थांबला. शिंपीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, चाकाला पुढे पाठवलंत, तुम्ही मागून येताय होय?" हे हसले. मी हसले नाही.

भंगारातून तो छोटा मालट्रक तुम्ही दोघा भावांनी उचलून आणलात, त्याला रेडा नाव दिलेत, दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन त्याच्या पोटात बसवलेत. शेडमधले हे सगळे उद्योग मी दारातून पाहत आले. त्यावर मी कधी एक शब्द बोलले नाही. पण जानेवारीत तुम्ही येऊन पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवून गेलात, त्यासाठी चाके उतरवली आणि चढवली गेली, आणि आता त्यांतलेच एक चाक निघाले. मी यांना विचारले, चाक आवळले कोणी? म्हणाले, "भाऊनं."

मे महिन्यात तुमच्या गाड्यांच्या हौशी मंडळींची घाटातली सहल आहे. यंदा हे नातीला शेजारी बसवून रेडा स्वतः चालवत नेणार आहेत. तसा तिला शब्द दिला आहे. पोरगी आतापासून मैत्रिणींना सांगत सुटली आहे. हेच चाक घाटाच्या उतारावर निघाले असते तर, याचा विचार तुम्ही करा. मी केला आहे.

नट नीट न आवळता तुम्ही निघून गेलात का? सरळ उत्तर हवे.

फोन करू नये. तुम्हाला निम्मे ऐकू येत नाही आणि जे येते ते तुम्ही मोठ्याने पुन्हा म्हणता. हे दिवसभर फोनच्या शेजारीच बसलेले असतात. उत्तर माझ्या नावाने वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची वहिनी

---

९ मार्च

वहिनी,

नमस्कार करतो, पण कान पकडत नाही, कारण या वेळी गुन्हा माझा नाही.

दादा सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढे तुम्ही रेड्याबद्दल "कधी एक शब्द बोलले नाही" असं लिहिलंय, ते मी तुमच्या जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या हसून हसून खाली बसल्या. इंजिन आणलं त्या दिवशी तुम्ही मला उंबऱ्यातून आत घेतलं नव्हतंत, आठवतंय का?

आता सरळ उत्तर. ब्रेक मी बसवले. चाकं दादानं चढवली. मी पलीकडे ब्रेकच्या नळीतली हवा काढत होतो.

तुम्ही नटांवर पट्टी कुठल्या रंगाची होती ते लिहिलेलं नाही. आमच्यात रीत आहे ती अशी. नट आधी साध्या पान्यानं बसवायचा. मग टॉर्क पाना लावायचा. हा पाना ठरलेली ताकद लागली की हातात 'टक्' करतो, म्हणजे नट पुरता आवळला. टक् झालं की त्याच क्षणी ब्रशनं नटावरून चाकापर्यंत एक रेघ ओढायची. पुढे नट सैल झालाच तर रेघ तुटलेली दिसते. माझी पांढरी, दादाची पिवळी. ज्याची पट्टी त्याची जबाबदारी. आणि पट्टी मारलेल्या नटाला दुसऱ्यानं पाना लावायचा नाही. लावला तर 'तुझ्यावर विश्वास नाही' असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. रविवारी दादाच्या अंगणात गाड्या घेऊन येणारी सगळी मंडळी हे पाळतात. दातांच्या डॉक्टरनं एकदा दादाच्या नटाला पाना लावला होता, तर दादा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. दाढ दुखत होती तरी दुसरीकडे गेला.

दादा "भाऊनं" म्हणाला असेल तर घाबरून गडबडीत म्हणाला असेल. रंग बघा आणि कळवा.

तुमचा भाऊजी

---

१४ मार्च

भाऊजी,

पिवळा.

रस्त्यावर मिळालेले दोन नट शिंपीणबाईंनी आणून दिले, ते माझ्यासमोर आहेत. दोन्हींवर पिवळी रेघ. चाकावर उरलेल्या अर्ध्या रेघाही पिवळ्या. म्हणजे आवळायचे राहिले ते यांच्याकडून.

ते मी समजू शकते. चूक कोणाच्याही हातून होते. मला न समजणारी गोष्ट वेगळी आहे. हे भांडतात, रुसतात, चुकले तर कबूल करायला आठवडा घेतात, पण दुसऱ्याच्या माथी मारत नाहीत. मी काल पुन्हा विचारले. पुन्हा तेच, "भाऊनं लावलं ते चाक." डोळ्यांत डोळे घालून सांगितले. त्यात खोटे बोलणाऱ्याचा कोठे मागमूस नव्हता.

तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. मी काय समजायचे?

वहिनी

---

१८ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं तसं घाईघाईनं लिहितोय.

मला आता सगळं आठवलं. चूक माझीच. दादा आत चहाला गेला होता, तेवढ्यात चाकं मीच चढवली. माझा पांढरा रंग डब्यात वाळून खडक झाला होता, म्हणून दादाचा पिवळा घेतला आणि त्यानं पट्ट्या मारल्या. गडबडीत पाना राहून गेला असणार. दादा बरोबर सांगतोय. मागच्या पत्रात मी उगाच तोऱ्यात लिहिलं, त्याबद्दल माफ करा.

शिंपीणबाईंच्या फाटकाचा गज मी आलो की सरळ करून देतो. विषय इथेच संपवू. दादाला परत काही विचारू नका, त्याला उगाच त्रास.

तुमचा भाऊजी

---

२६ मार्च

भाऊजी,

मी नोकरीभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली शिशाचा तुकडा कोण कोठे चिकटवतो, वजनाचा तळ कोण कसा पोखरतो, हे मी हाताने चाचपून काढलेले आहे. आणि तुम्ही मला रंगाच्या डब्याची गोष्ट सांगता?

तुमचा पांढरा डबा शेडमध्ये डाव्या फळीवर आहे. मी उघडला. काठोकाठ भरलेला आहे आणि दुधासारखा पातळ आहे. ब्रशसुद्धा मऊ. तुम्ही ९ मार्चला एक लिहिता, नऊ दिवसांनी दुसरे आठवते, आणि ते नेमके रंग कळल्यावर आठवते. मला राग आला आहे तो तुम्ही खोटे बोललात याचा नाही. इतके वाईट बोललात याचा आहे.

काल हे दुपारी झोपले असताना मी शेडमध्ये गेले. गाडीच्या पुस्तिकेत कोणत्या नटाला किती ताकद लावायची त्याचे आकडे आहेत. ते पाहून टॉर्क पाना लावला आणि पिवळ्या पट्ट्यांवरून फिरवत गेले. तुमच्या रिवाजाप्रमाणे मी यांचा अपमान केला. केला तर केला. मागच्या चाकांचे नट ठीक आहेत, तिथली रेघ जुनी, काळवंडलेली आहे. पुढच्या उजव्या चाकाचे निम्मे नट टक् होण्याआधी चांगले फिरले. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आसाशी बांधणारा एक बोल्ट तर मी बोटांनी फिरवला, माझ्या संधिवाताच्या बोटांनी. सगळ्यांवर पिवळी पट्टी होती, सरळ आणि सुबक, आणि कोठेही तुटलेली नव्हती. म्हणजे हे नट मागाहून सैल झालेले नाहीत. ते कधी आवळलेच नव्हते.

एका ठिकाणी राहिले तर ती चूक. इतक्या ठिकाणी राहिले तर ते काय?

आणखी एक लिहिते, जे मी आजवर कोणाला बोलले नाही. मागे एकदा जेवताना यांनी विचारले, "आपल्या धाकटीचं लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं गं?" मला वाटले, खर्चावरून टोमणा मारतात. मीही टोमण्याने उत्तर दिले. आता वाटते, तो प्रश्न खरा होता.

तुम्ही जानेवारीत काय पाहिलेत ते लिहा. आता फिरवाफिरवी नको.

वहिनी

---

२ एप्रिल

वहिनी,

लिहायला बसलो की उठत होतो. आज तुमच्या जाऊबाईंनी दुकान बघते म्हणून मला घरात बसवलंय. बाहेर लोक पंप दुरुस्तीला घेऊन आलेत, त्यांना त्या काय सांगतायत देव जाणे.

पाहिलं मी. ब्रेकचं काम आटोपून उठलो तर दादा पुढच्या चाकापाशी स्टुलावर बसून एकेका नटावर पट्टी ओढत होता. अगदी मन लावून, जीभ दाताखाली धरून. आणि टॉर्क पाना मागे भिंतीवर हुकाला लटकलेला. मी म्हटलं, "दादा, आवळलेस का रे?" तर म्हणाला, "पट्टी दिसत नाही का तुला? डोळे गेले का?" मी हसलो. मनात म्हटलं, तो आत गेला की बघू. तो आत गेला. मी पाना काढला, चाकापाशी बसलो, आणि वहिनी, खरं सांगतो, हात पुढे झाला नाही. लहानपणापासून त्यानं आवळलेलं मी कधी तपासलेलं नाही. मला वाटलं, त्यानं आधी आवळले असतील, पाना टांगला असेल, मग निवांत रंगवत असेल. वाटलं म्हणण्यापेक्षा, वाटून घेतलं. पाना परत हुकाला लावला.

त्या दोन दिवसांत त्यानं मला आमच्या वडिलांच्या सायकलचं काय झालं ते बऱ्याचदा विचारलं. दर वेळी मी सांगायचो आणि दर वेळी त्याला नव्यानं वाईट वाटायचं.

तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्यासमोर बोलायची हिंमत होईना.

आता माझं ऐका. मी चार दिवस दुकान बंद करून येतो. गिअरबॉक्स बदलायचं निमित्त काढतो आणि रेडा इकडे घेऊन येतो. मेपर्यंत तो काही तयार होणार नाही, सहल आपोआप टळेल, नातीची समजूत काढू. दादाला काही कळणार नाही. आणि मंडळींना तर मुळीच कळू देऊ नका, एवढी विनंती आहे. घरात तुम्ही त्याला काहीही बोला, पण तिथे त्याला मान आहे. दादाची पिवळी पट्टी असली की लोक डोळे मिटून गाडी घेऊन निघतात. तेवढं त्याचं राहू द्या.

भाऊजी

---

११ एप्रिल

भाऊजी,

"दादाची पिवळी पट्टी असली की लोक डोळे मिटून गाडी घेऊन निघतात." हे वाक्य तुम्ही कौतुकाने लिहिलेत. मी वाचनालयात ते वाचले आणि छत्री तिथेच विसरून घरी आले.

ही मंडळी दर रविवारी आपल्या अंगणात गाड्या घेऊन येतात. कोणी सीट बदलतो, कोणी दिवे, कोणी पाटे, आणि शेवटचे आवळणे काकांनी करायचे, म्हणजे यांनी, हा जणू प्रसाद. जानेवारीपासून किती गाड्यांवर पिवळी पट्टी चढली असेल? त्या गाड्यांतून बायकामुले फिरतात. आणि तुमचा रिवाज असा की ती पट्टी कोणी तपासायची नाही. तुम्ही मान सांभाळायला सांगता. मान मागाहून पाहू, आधी चाके.

मी गिअरबॉक्सचे नाटक करणार नव्हते. यांना फसवून गाडी काढून घेतली असती तर हे उद्या दुसऱ्याच्या गाडीखाली शिरले असते. म्हणून त्याच दिवशी शेडमध्ये गेले. पाट्याचा तो बोल्ट मी मुद्दाम तसाच ठेवला होता. काय बोलणे झाले ते लिहिते, म्हणजे तुम्ही मनाने काही रचणार नाही.

म्हटले, "हा बोल्ट बघा."

"बघितलाय. पट्टी आहे."

"फिरवून बघा."

"पट्टीच्या बोल्टला पाना लावत नाहीत."

"पाना नको. बोटांनीच फिरवा."

माझ्याकडे रागाने पाहिले. वाकले. फिरवला. फिरला.

"भाऊनं मारली असेल."

"पिवळी आहे."

मग खाली बसले, स्टुलावर नाही, जमिनीवरच. मी म्हटले, "कपडे खराब होतील," आणि मीही बसले. उठताना आता दोघांनाही त्रास होणार हे माहीत असून.

बोल्टाकडे पाहत म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"चाक निघालं त्यानंतर. तुम्हाला?"

"त्याच्या आधी."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? नट आवळला की नाही तेच ध्यानात राहीना. एकच नट पुन्हा पुन्हा आवळत बसायचो, दुसरा तसाच. म्हणून म्हटलं, ज्यांना पाना लावायचाय त्यांना आधी पट्टी मारून ठेवू, म्हणजे चुकणार नाही. आणि मग..."

"मग पट्टी बघितली की वाटायचं, आवळलाय."

"हो. पट्टी दिसली की बरं वाटायचं गं."

यात लबाडी नव्हती, भाऊजी. विसरू नये म्हणून केलेला उपाय होता. तोच उलटला. आणि चाक कोणी चढवले हेही त्यांना खरोखर आठवत नव्हते. तुम्ही चढवले असणार, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि मग तेच आठवू लागले.

मी म्हटले, "रविवारी मंडळींना सांगावं लागेल."

"तू सांगणार?"

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"मग मीच सांगतो. तू सांगितलंस तर शाळेत उभं केल्यासारखं वाटेल."

काल रविवार होता. सगळे आले. हे शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पट्ट्या धरू नका. यंदाच्या सगळ्या. डोक्यात विसर पडायला लागलाय. प्रत्येक नटाला पाना लावा."

मग तुमचा तो दातांचा डॉक्टर म्हणाला, "काका, काहीतरीच काय. तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?"

हे म्हणाले, "पान्यावर. आण तुझी जीप."

जीप त्यांनी इतरांकडून उचलवून घेतली. स्टिअरिंगच्या दांड्याचा पुढचा नट, पिवळी पट्टी मारलेला, डॉक्टरने स्वतः फिरवला. तो सैल निघाला. आदल्याच संध्याकाळी याच जीपमधून तो दोन्ही मुलांना पोहायला घेऊन गेला होता. तो टायरला टेकून बसला. मी त्याला पाणी दिले. हे त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "आता तू माझ्याशी महिनाभर बोलू नकोस, हिशेब बरोबर होईल." तो हसला का रडला ते मला कळले नाही. तुमच्या दादांचा हात मात्र त्याने बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या तपासून झाल्या. आणखीही नट निघाले. किती ते मी मोजले, पण यांना सांगितले नाही आणि तुम्हालाही सांगत नाही.

डॉक्टरांकडे, म्हणजे खऱ्या डॉक्टरांकडे, जाऊन आलो. तपासण्या चालू आहेत. हळूहळू वाढत जाणार, एवढे त्यांनी आताच सांगितले. गाडी चालवणे बंद. घरी आल्यावर यांनी रेडा धुतला.

वहिनी

ता. क. छत्री मिळाली.

---

१९ एप्रिल

चिरंजीव भाऊ,

तुझ्या वहिनीनं तुमची सगळी पत्रं मला वाचायला दिली. नको म्हटलं तरी दिली. तुमच्या दोघांच्या मध्ये मी इतका चर्चेत असतो हे माहीत नव्हतं.

तू माझ्यासाठी खोटं बोललास. बोलावं, भाऊच आहेस. पण खोटं बोलायचं तर डबा आधी रिकामा करून ठेवायचा. लहानपणी दुधाच्या पातेल्याच्या वेळीही तू असाच पकडला गेलास, मिशा पुसायला विसरलास म्हणून.

मी आत गेल्यावर तू पाना काढलास आणि परत टांगलास, तेही वाचलं. ते मनातून काढून टाक. तू पाना लावला असतास तर मी तुला शेडबाहेर काढलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि आजकाल मला पक्कं ठाऊक असणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, तेव्हा विश्वास ठेव.

आता कामाचं. नातीला शब्द दिलाय. तिला घाटात न्यायचंय आणि रेड्यातूनच न्यायचंय. मी चालवणार नाही. तू चालव. मी खिडकीशी बसेन, ती मध्ये. तू ये, आपण दोघं मिळून सगळा रेडा पुन्हा खालून वर तपासू. पाना तू फिरव, मी शेजारी बसून आकडे सांगतो. आकडे अजून सगळे डोक्यात आहेत, पुस्तिका बघायला लागत नाही. मजा आहे ना. धाकटीच्या लग्नाचा हॉल आठवत नाही आणि पाट्याच्या बोल्टची ताकद आठवते. हे तुझ्या वहिनीला बोललो तर म्हणाली, "ते मला कधीपासून माहीत आहे."

घाट झाला की रेडा तू घेऊन जा. इथे राहिला तर किल्ली हातात घेईन. आज घेणार नाही म्हणतोय, पण उद्याचा मी काय म्हणेन याची हमी मला देता येत नाही. म्हणून आज लिहून ठेवतो. उद्या मी नाही म्हटलं, ओरडलो, तर हे पत्र मला दाखव आणि गाडी ने.

दादा

---

२३ एप्रिल

दादा, वहिनी,

दोघांनाही एकाच पत्रात लिहितो, आता लपवायला काही उरलं नाही.

येतो. घाट मी चालवीन. दादा, शेजारी बसून "गिअर टाक, गिअर टाक" करायचं नाही. केलंस तर मध्येच उतरवीन.

रेडा मी नेतो तो सांभाळायला. मालक तूच.

पुढचं लिहिता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे असं समजा.

भाऊ

---

१२ मे

भाऊजी,

तुम्ही पोचल्याचे कळले. परवा निघताना तुम्ही दोघेही असे काही तोंड फिरवून उभे होतात की कोणी काय दिले, कोणी काय घेतले, याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मी पाहत होते. म्हणून रीतसर नोंद पाठवते.

त्याआधी नात काय म्हणाली ते. घाट कसा वाटला विचारले तर म्हणाली, "छान होता, पण आजोबा सारखे पायानं जमिनीला ब्रेक लावत होते." वर पोचल्यावर सगळ्या मंडळींनी यांना मध्ये बसवून फोटो काढला, तो तिने भिंतीवर लावला आहे. फोटोत हे कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत आहेत, आणि तो ऐकत आहे. कामाचे असावे.

मंडळींनी आता नियम बदलला आहे. एकाने आवळायचे, दुसऱ्याने तपासायचे, आणि दोघांच्या पट्ट्या असल्याखेरीज गाडी अंगणाबाहेर जाणार नाही. यात कोणाचाही अपमान धरायचा नाही, असे दातांच्या डॉक्टरने सर्वांकडून वदवून घेतले. रविवारी हे स्टुलावर बसतात आणि आकडे सांगतात. ते आकडे मी पुस्तिकेतून पडताळते. हे मात्र त्यांना माहीत आहे. चालते म्हणाले.

आता नोंद.

रेडा, चालू स्थितीत, चारही चाके व पाटे तुम्ही व मी मिळून तपासलेले. दिला.

किल्ल्या दोन. दुसरी यांच्या खिशातून निघाली. मागितल्यावर लगेच दिली. वाद झाला नाही, पत्र दाखवावे लागले नाही.

गाडीची कागदपत्रे, विम्यासह. दिली.

जॅक एक, लाकडी ठोकळे चार. दिले.

जुने ड्रम ब्रेक. टाकू नयेत असे यांचे म्हणणे, टाकावेत असे माझे. तुमच्याकडे दिले आहेत, म्हणजे दोघांचेही समाधान व्हावे.

पांढऱ्या रंगाचा डबा एक, भरलेला. तुम्ही तो वाळून खडक झाल्याचे कळवले होते, तरी दिला.

टॉर्क पाना दिलेला नाही. तो रविवारच्या कामाला लागतो.

यांचा गाडी चालवण्याचा परवाना माझ्या कपाटात आहे. तो दिलेला नाही, आणि यांनी मागितलेलाही नाही.

ही नोंद यांना वाचून दाखवली. सर्व बरोबर आहे म्हणाले आणि सही केली. मी पाकीट आणायला आत गेले. परत आले तर यांनी खाली दुसऱ्यांदा सही केलेली होती. दोन्ही सह्या यांच्याच आहेत. दुसरी मी खोडलेली नाही.